ढोलकीवाल्या पोराने पदवी कशात घ्यायची?

बारावीचा निकाल लागला की आमच्या भंडारा जिल्ह्यात दोनच प्रश्न विचारले जातात. किती टक्के पडले, अन् आता का करून राहिला? दुसऱ्या प्रश्नावर वादक पोरांची पंचाईत होते. 'बीए करतो' म्हणतात. विषय कोणते, तर जिथे जागा उरली ते.

गंमत बघा. राज्य सरकार दहावीला शास्त्रीय वादनाच्या परीक्षांचे आणि लोककलेचेही वाढीव गुण देतं. म्हणजे पंधराव्या वर्षी सरकारला तुमची ढोलकी मान्य आहे. अठराव्या वर्षी तीच ढोलकी 'छंद' होते. नागपूर विद्यापीठाच्या काही कॉलेजांत बीएला संगीत घेता येतं, नाही असं नाही. पण तीन विषयांतला एक विषय असणं वेगळं आणि आपलं वाद्य हीच पदवी असणं वेगळं. साकोली-लाखांदूरच्या पोराला घराजवळ राहून ढोलकी किंवा सनई हे मुख्य वाद्य घेऊन पदवीधर होता येत नाही, हा माझा मुद्दा आहे.

यावर लगेच कोणी म्हणेल, ढोलकी तर साथीचं वाद्य, तिचं एकल वादन काय करणार? अहो, तबलासुद्धा साथीचाच होता. उस्ताद अहमदजान थिरकवाँ बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत तबला वाजवायचे. तेच पुढे लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात शिकवायला होते, आणि त्यांच्या एकल वादनाला लोक तिकीट काढून बसायचे. 1970 साली पद्मभूषण मिळालं. नाटकाच्या खड्ड्यात बसून वाजवणारा माणूस प्राध्यापक होऊ शकतो, हे आधीच सिद्ध झालेलं आहे. दंडार आणि खडी गंमतीत ढोलकी वाजवणाऱ्यालाच हा न्याय का नाही?

आता शेजारी बघा. खैरागडचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय ऑक्टोबर 1956 मध्ये सुरू झालं. राजघराण्याने आपला राजवाडा त्यासाठी दिला. तेव्हा भंडारा आणि खैरागड एकाच राज्यात होते, मध्य प्रदेशात! 1 नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली, आपण मुंबई राज्यात आलो आणि संगीताचं विद्यापीठ पलीकडे राहिलं. तिथे सितार, व्हायोलिन, तबला तर आहेच, लोकसंगीताचा स्वतंत्र विभागही आहे.

'मग जा ना खैरागडला.' जातात की काही जण. वरठीला गाडी धरायची, गोंदियावरून डोंगरगड, पुढे रस्त्याने. पण झाडीपट्टीचा नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो तो होळीपर्यंत. रात्र-रात्र वाजवून पोरं जे कमावतात त्यावर घरचं बरंच काही चालतं. ते सोडून होस्टेलचा खर्च कोण करणार? आणि खरं सांगू का, त्या मांडवात जे शिकायला मिळतं ते कोणत्याच वर्गात मिळत नाही. ऑर्गनवाला ऐनवेळी पट्टी बदलतो, नट ओळ विसरतो, आणि तबलेवाल्याला तो खड्डा भरून काढावा लागतो. नव्या शैक्षणिक धोरणात ऑन-जॉब ट्रेनिंगला श्रेयांक आहेत. मग हे ऑन-जॉब नाही तर काय आहे?

शिकवणार कोण, हा पुढचा प्रश्न. नेट-सेट झालेला सनईवाला शोधत बसू नका. युजीसीनेच 2023 मध्ये स्थानिक कलाकारांना कॉलेजात नेमण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ती वापरा. पण मानधन महिन्याच्या महिन्याला द्या, शाल-श्रीफळावर भागवू नका.

एक गोष्ट मात्र जपून बोलायला हवी. आपल्या भागात अनेक घरांनी डफडं मुद्दाम खाली ठेवलं. ज्या ऑक्टोबरात खैरागडला विद्यापीठ उघडलं, त्याच ऑक्टोबरात नागपूरला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली. लोकांच्या दारी वाजवत जाणं ही सक्तीची सेवा होती, ती टाकली, बरोबर केलं. त्यामुळे 'आपली परंपरा जपा' असा उपदेश त्या वस्त्यांत जाऊन कोणी करू नये. डफड्याचा वर्ग उघडला तर त्यात कोणत्याही जातीचं पोर बसलं पाहिजे, मुलीही. गुरुजींना खुर्ची आणि पगार असला पाहिजे. अमुक घरचा म्हणून तू डफडं घे, असं जिथे म्हटलं जाईल तिथे तो वर्ग नसलेला बरा.

सुरुवात मोठी नको. भंडारा, तुमसर, साकोली, कुठल्याही एका कॉलेजने ढोलकीचा आणि सनईचा अभ्यासक्रम तयार करून विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे पाठवावा. परीक्षा हंगाम संपल्यावर, एप्रिलात. लेखी पेपर कमी, अर्धा तास एकट्याने बसून वादन जास्त. परीक्षकांत एक जण तरी झाडीपट्टीच्या मांडवात वाजवलेला. सिनेटवरचं कोणी हे वाचत असेल तर सांगा, मसुदा करायला मी आणि आणखी दोघं-तिघं येत्या रविवारी बसायला तयार आहोत.