हरकत कागदावर हवी

बँकेत असताना एका मोठ्या कर्जप्रस्तावावर मी साहेबांना तोंडी म्हणालो होतो, ‘तारण कमी पडतंय.’ साहेब हसले आणि मी सही केली. पुढे कर्ज बुडाले. चौकशीत मला एवढेच विचारण्यात आले, ‘तुमची हरकत कुठे आहे?’ फाईलवर ती नव्हती. माझी एक वेतनवाढ गेली.

परवा सीपीआर चौकातून जाताना ती फाईल आठवली. १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथल्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच भरते. सहा जिल्ह्यांची कित्येक दशकांची मागणी पुरी झाली. ‘आता अपील घरच्या घरी,’ असे लोक म्हणतात. आनंद मलाही झाला. पण अपील म्हणजे खटला पुन्हा पहिल्यापासून चालवणे नव्हे. तिथे वाचले जातात ते कागद : साक्षी, निशाण्या, रोजनामा. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात वकिलांच्या तोंडातच राहिलेली हरकत त्यात कुठून येणार?

अमली पदार्थांच्या खटल्यात हे फार महाग पडते. १९८५ च्या कायद्याप्रमाणे वीस किलोहून अधिक गांजा सापडला, तर शिक्षा किमान दहा वर्षे आणि दंड किमान एक लाख. अंगझडतीपूर्वी, ‘राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा तुम्हाला हक्क आहे,’ हे संशयिताला सांगावेच लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांनी १९९९ आणि २०१० साली हे बजावले आहे. (हातातल्या पिशवीला मात्र हा हक्क लागू नाही.) पण झडती घेणाऱ्या फौजदाराला उलटतपासणीत त्याबद्दल प्रश्नच विचारला नाही, तर ‘हक्क समजावून सांगितला’ हे त्याचे वाक्य कागदावर तसेच राहते.

हरकतींनी खटले रखडतात, ही तक्रार खोटी नाही. गुजरातच्या बिपिन पांचाळ प्रकरणात, तेही अमली पदार्थांचेच, २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने तोड काढली : हरकत नोंदवा, पुरावा तात्पुरता दाखल करा, निर्णय शेवटी द्या. २०२१ साली त्याचा फेरविचार होऊन शक्यतो तिथल्या तिथे, निदान त्या साक्षीदाराची साक्ष संपताना निर्णय द्यावा, असे ठरले. दोन्ही वेळा नोंद हवीच होती.

मुळातच अग्राह्य पुराव्याबद्दल अपिलातही बोलता येते. पण तो ज्या रीतीने शाबीत केला, तिच्याबद्दलची तक्रार तेव्हाच करावी लागते. हरियाणातल्या सोनू प्रकरणात फोनच्या नोंदींना प्रमाणपत्र नव्हते. हरकत आली ती अपिलात. २०१७ साली न्यायालय म्हणाले, उशीर झाला. मला हे कठोर वाटले, पण अन्यायाचे वाटले नाही. वेळीच कोणी बोलले असते, तर सरकार पक्षाला ती उणीव भरून काढता आली असती.

‘गांजावाल्यांची एवढी काळजी कशाला?’ असे काही वाचक विचारतील. पोते वाहणारा हमाल आणि पोत्याचा मालक बहुधा एक नसतात. हमालाला मिळतो विधी सेवेचा तरुण वकील, न्यायाधीश रागावतील म्हणून बिचकणारा. त्या पोराला कोणा ज्येष्ठाने एवढे शिकवावे : ‘साहेब, माझी हरकत नोंदवावी,’ असे म्हणायचे आणि ती लिहिली गेली की नाही, हे संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी पाहायचे.