दुकानाचा गल्ला कोणाच्या भरवशावर?

बालाघाट, वारासिवनी, कटंगी, लांजी या भागात आपली मराठी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या राहत आली आहेत. कुणाचे किराणा दुकान, कुणाची औषधांची पेढी, कुणाचा छापखाना, कुणाची पिठाची चक्की, तर कुणाचा साधा पानठेला. या सर्व ठिकाणी आज गल्ल्याशेजारी चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कागद चिकटवलेला असतो आणि पैसे आले की साऊंडबॉक्स मोठ्याने तशी घोषणा करतो. लहान व्यापाऱ्याच्या दिवसभराच्या विक्रीचा मोठा भाग या मार्गाने येऊ लागला आहे. म्हणूनच हा केवळ मोबाईलचा विषय राहिलेला नाही. तो पोटापाण्याचा आणि त्यामुळे राजकारणाचाही विषय झाला आहे, असे आम्ही मानतो.

प्रथम चांगली बाजू सांगितली पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले, तर गोंदिया, भंडारा, नागपूर पलीकडे गेले. सोयरीक आणि घाऊक खरेदी मात्र पलीकडचीच राहिली. गोंदियाच्या व्यापाऱ्याला पैसे पोचवायचे तर कधी माणूस पाठवावा लागे, कधी ड्राफ्ट काढावा लागे, कधी चेक वटण्याची वाट पाहावी लागे. आज ते काम दुकानात बसल्या जागी क्षणात होते, सुटीच्या दिवशीही होते. ही सोय नाकारण्यात शहाणपण नाही.

परंतु समाजातील तरुण दुकानदार आम्हाला नेहमी विचारतात, "यातले चांगले अ‍ॅप कोणते?" आमच्या मते प्रश्नच थोडा बदलून विचारायला हवा. यूपीआय ही व्यवस्था कोणत्याही एका कंपनीची नाही. २००८ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय राष्ट्रीय भुगतान निगमाने ती उभी केली आणि एप्रिल २०१६ मध्ये ती सुरू झाली. फोनपे, गूगल पे, पेटीएम, भीम ही तिच्यात शिरण्याची दारे आहेत. पैसा एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जातो. ऑक्टोबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश दिला की प्रत्येक कंपनीने स्वतःपुरताच चालणारा क्यूआर बंद करून सर्वांना चालणारा ठेवावा. त्यामुळे गिऱ्हाईकाकडे कोणतेही अ‍ॅप असो, तुमच्या कागदावर ते चालते. मग निवड कशावरून करायची? पैसा कोणत्या बँकेत उतरतो आणि तो अडला तर कोणाच्या दारात जाऊन उभे राहता येते, यावरून.

हे सांगण्याचे कारण ताजे आहे. ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर कडक निर्बंध घातले आणि १५ मार्च २०२४ नंतर तेथील खात्यांत नवे पैसे घेण्यास बंदी केली. ज्या दुकानदारांचा पेटीएमचा क्यूआर दुसऱ्या बँकेच्या खात्याला जोडलेला होता, त्यांचे काम सुरू राहिले. ज्यांचे पैसे त्या पेमेंट्स बँकेतच जमा होत होते, त्यांना धावपळ करून खाते बदलावे लागले. दोघांच्या भिंतीवर कागद एकाच कंपनीचा होता. फरक होता तो मागच्या खात्याचा. आपल्यापैकी कितीजणांना आपल्या कागदामागचे खाते ठाऊक आहे? बहुतेक ठिकाणी कंपनीचा मुलगा दुकानात आला, कागद चिकटवून गेला आणि पदरी पडले ते पवित्र झाले.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की दुकानाचा मुख्य क्यूआर आपल्या गावात शाखा असलेल्या बँकेचा असावा आणि तो घरखर्चाच्या नव्हे, तर दुकानाच्या वेगळ्या खात्याला जोडलेला असावा. दुसरा क्यूआर हवा तर खासगी अ‍ॅपचा ठेवावा, पण दुसऱ्या बँकेतील खात्यावर. शाखेत निदान ओळखीचा माणूस भेटतो, लेखी अर्ज देऊन पोच घेता येते. हेल्पलाईनवर मात्र कधी कधी केवळ संगीत ऐकावे लागते! आणि दोन्ही कागद असले तरी गल्ल्यात थोडी सुटी रोकड असू द्यावी. मार्च-एप्रिल २०२५ मध्ये यूपीआयची यंत्रणाच देशभर काही वेळा अडखळली होती. तेव्हा कोणत्याच अ‍ॅपचा इलाज चालला नाही.

आता "फुकट" या शब्दाविषयी. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयने पैसे घेतल्याबद्दल व्यापाऱ्याकडून शुल्क कापले जात नाही. मात्र व्यवस्था चालवण्याचा खर्च कुणीतरी सोसतोच, हे रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनीही २०२५ मध्ये बोलून दाखवले. लहान व्यवहारांसाठी केंद्र सरकारने २०२४-२५ या वर्षाकरिता सुमारे १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली होती. कंपन्या आपली मिळकत इतर वाटांनी काढतात: साऊंडबॉक्सचे मासिक भाडे, विमा आणि मुख्य म्हणजे दुकानदाराला दिले जाणारे कर्ज. रोजच्या जमेतून हप्ता कापला जाणारे कर्ज सोपे वाटते, पण पावसाळ्यात गिऱ्हाईक ओसरले की तोच हप्ता जड होतो. कर्ज घेण्यापूर्वी एकूण किती परत द्यायचे तो आकडा कागदावर लिहून मागावा.

फसवणुकीबाबतही सावध राहिले पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच प्रदेशातील खजुराहो येथे भामट्यांनी रातोरात दुकानांवरील क्यूआर बदलून स्वतःचे चिकटवल्याचे उघड झाले. सकाळी दुकान उघडताच स्वतः एक रुपया पाठवून पाहणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. गिऱ्हाईकाने दाखवलेला मोबाईलचा पडदा म्हणजे पावती नव्हे, खात्यात जमा झालेली रक्कम हीच पावती. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे दुकानात बसणाऱ्या आईला आणि कामावरच्या पोराला दोघांनाही समजावून सांगावे. फसगत झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. "माझे पैसे कापले गेले" असे गिऱ्हाईक म्हणाले आणि आपल्याकडे जमा दिसत नसेल, तर वाद घालू नये. अशी अडकलेली रक्कम पाच दिवसांत परत जावी आणि उशीर झाल्यास रोज १०० रुपये भरपाई मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे.

काही ज्येष्ठ मंडळी म्हणतील, या भानगडीपेक्षा रोख बरी. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात असेच घडले. यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा आल्या आणि बंगळुरूच्या अनेक लहान विक्रेत्यांनी "फक्त रोख" असे फलक लावले. आम्हाला हा मार्ग पटत नाही. नोंदणीची मर्यादा साधारणपणे मालाच्या विक्रीसाठी वर्षाला ४० लाख आणि सेवेसाठी २० लाख रुपये आहे, ती रोखीलाही लागूच असते. ताजी भाजी, सुटे दूध यांवर तर करच नाही. ज्याची वही नीट आहे, त्याने भिऊ नये. पण त्यासाठी भाच्याने पाठवलेले पैसे आणि विक्रीचे पैसे एका खात्यात मिसळता कामा नयेत.

खरा धोका निराळा आहे. कुठल्या तरी अनोळखी ठगाने तुमच्या दुकानातून दोनशे रुपयांचा माल घेतला आणि ती रक्कम फसवणुकीची निघाली, तर दूरच्या राज्यातील पोलिसांच्या सांगण्यावरून तुमचे सबंध खाते गोठवले जाऊ शकते. केरळमध्ये अशी प्रकरणे उच्च न्यायालयात गेली आणि २०२३ मध्ये न्यायालयाने बँकांना सांगितले की गोठवणे वादातील रकमेपुरतेच ठेवावे. जो दुकानदार कोचीच्या न्यायालयात जाऊ शकत नाही, त्याने काय करावे? येथे लोकप्रतिनिधींचे काम सुरू होते.

दुसरी गोष्ट मक्तेदारीची. यूपीआयच्या दर दहा व्यवहारांपैकी सुमारे आठ केवळ फोनपे आणि गूगल पे या दोन अ‍ॅपांवरून होत आले आहेत. कोणत्याही एका अ‍ॅपचा वाटा ३० टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, असा नियम निगमाने २०२० मध्येच केला. परंतु त्याची मुदत पुन्हा वाढवून ३१ डिसेंबर २०२६ करण्यात आली. निगमाचे भीम अ‍ॅप ३० डिसेंबर २०१६ पासून आहे, मराठीतही चालते, तरी ते मागेच पडले. उद्या शुल्क लावायचे ठरले, तर दर कोण ठरवणार, हा प्रश्न आजच विचारलेला बरा.

म्हणून मतांसाठी दारात येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराला आपण तीन गोष्टी विचाराव्यात. दुकानदाराचे खाते गोठवताना लेखी कारण देऊन केवळ वादातील रक्कम अडवण्याचा पक्का नियम व्हावा, यासाठी तुम्ही संसदेत आणि विधानसभेत बोलणार का? जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या बैठकीत लहान व्यापाऱ्यांच्या तक्रारींसाठी ठरलेला दिवस मागणार का? आणि लहान दुकानदाराला शुल्कातून कायमची सूट मिळावी, या बाजूने तुम्ही आहात का? उत्तर गोलमाल मिळाले तर तेही लक्षात ठेवावे.

अ‍ॅप कोणतेही घ्या, ते चार बोटांनी बदलता येते. खाते, वही आणि मत या तीन गोष्टी मात्र आपल्या हातात आहेत. त्या दुसऱ्याच्या स्वाधीन करू नयेत, एवढेच आमचे सांगणे.