कळा सोसायच्या की नाही, हे कोण ठरवणार?

बाळंतपणाच्या कळा औषध घेऊन कमी कराव्यात की औषधाविना सोसाव्यात, अशी चर्चा अलीकडे शिकलेल्या घरांमध्ये होऊ लागली आहे. आमच्या वस्तीतली, बँकेत नोकरी करणारी एक मुलगी परवा मला विचारत होती, "मावशी, पाठीतलं इंजेक्शन घेऊ की नको? सासूबाई म्हणतात, कळा सोसल्याशिवाय आईपण कळत नाही." तिचा प्रश्न ऐकून मला आनंद झाला आणि वाईटही वाटले. आनंद यासाठी की, आमच्या मुलीपुढे हा प्रश्न आला तरी! वाईट यासाठी की, त्याच गल्लीतल्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या दुसऱ्या मुलीला कोणी काहीच विचारले नव्हते. सरकारी दवाखान्यात ती कळांनी ओरडली, तेव्हा तिच्या मांडीवर चापट बसली आणि "नवऱ्याजवळ जाताना कळलं नाही का?" असे तिला ऐकवले गेले. एकीपुढे निवड आहे, दुसरीपुढे चापट. या विषयावर लिहायचे तर या दोघींना एकत्र ठेवूनच लिहिले पाहिजे.

बाईने कळा सोसल्याच पाहिजेत, हा विचार औषधशास्त्रातून आलेला नाही. 1847 साली एडिंबरोच्या डॉ. जेम्स सिम्प्सन यांनी बाळंतपणात प्रथम इथर आणि नंतर क्लोरोफॉर्म वापरले. तेव्हा, वेदना हा स्त्रीला मिळालेला ईश्वरी शाप आहे, तो टाळणे पाप आहे, असा आक्षेप निघाला. सिम्प्सन यांना त्याच वर्षी पुस्तिका लिहून बायबलच्याच आधारे उत्तर द्यावे लागले. पुढे 1853 मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणीने आठव्या बाळंतपणात डॉ. जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतले आणि प्रतिष्ठित घरांतून त्याला मान्यता मिळत गेली. राणीच्या वेदना थांबवल्या की ते विज्ञान होते. कष्टकरी बाईच्या थांबवायच्या म्हटले की मात्र ते लाड ठरतात!

त्याच काळात अमेरिकेत काय चालले होते? अलाबामात डॉ. मॅरियन सिम्स हे 1845 ते 1849 या काळात गुलाम कृष्णवर्णीय स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रियांचे प्रयोग करीत होते. अनार्का नावाच्या एकाच तरुणीवर सुमारे 30 वेळा शस्त्रक्रिया झाली. बाळंतपणात झालेल्या इजेवर उपाय शोधण्यासाठी हे प्रयोग होते, पण तिची संमती कोणी विचारली नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला सिम्सचा पुतळा हटवायला 2018 साल उजाडले. आणि 2016 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात झालेल्या अभ्यासात वैद्यकीय विद्यार्थी व शिकाऊ डॉक्टरांपैकी निम्म्यांच्या मनात, काळ्या माणसाची कातडी जाड असते यासारखा एखादा तरी खोटा समज आढळला.

आपल्याकडे हाच समज वेगळ्या शब्दांत बोलला जातो. "या बायका काटक असतात, शेतात बाळंत होऊन पुन्हा कामाला लागतात." हे वाक्य कौतुकाचे वाटते. पण तुला दुखले तरी चालेल, असाच त्याचा अर्थ होतो. 1855 साली जोतिबा-सावित्रीमाईंच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीने 'ज्ञानोदया'त लिहिलेल्या निबंधात, आपल्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसते, थंडीपावसात त्यांचे किती हाल होतात, हे स्वतःवरून जाणून पाहा, असे जगाला विचारले होते. तोपर्यंत बाळंतिणीच्या दुःखाची जात कोणी अशी सांगितली नव्हती. गावोगाव सुईणपण करणाऱ्या अनेक जणी मांग-महार समाजातल्याच होत्या. नाळ कापायला त्यांचे हात चालत, पण बाळंतपणाचा विटाळ मात्र त्यांच्याच माथी मारला जाई.

आम्ही बुद्धाच्या वाटेने जाणारे लोक आहोत. दुःख आहे, त्याला कारण आहे आणि ते दूर करता येते, हे तथागतांनी सांगितले. दुःखाला पवित्र मानून कवटाळत बसा, असे नाही सांगितले. मज्झिम निकायातील अंगुलिमाल सुत्तात भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालाला अडलेली बाळंतीण दिसते, तो कळवळतो, तथागतांना येऊन सांगतो आणि तथागत त्याला तिच्याकडेच परत पाठवतात. त्यातला चमत्कार बाजूला ठेवा. वेणा देणाऱ्या बाईकडे पाहून पाठ फिरवायची नाही, तिच्याजवळ जायचे, एवढे तरी आपण घ्यावे की नाही?

आता वैद्यकीय बाजू. पाठीतल्या इंजेक्शनला एपिड्युरल म्हणतात. कंबरेच्या मणक्यांमधून बारीक नळी बसवून औषध सोडतात. बाई शुद्धीवर असते, कळांची तीव्रता खूप कमी होते. मात्र रक्तदाब उतरू शकतो, पाय जड होतात, ताप येऊ शकतो, जोर लावण्याचा काळ लांबू शकतो, क्वचित नंतर डोकेही दुखते. म्हणून भूलतज्ज्ञ आणि सतत देखरेख लागते. त्यामुळे सिझर होण्याचे प्रमाण वाढते ही भीती मात्र संशोधनात खरी ठरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या मार्गदर्शनात, मागणी करणाऱ्या निरोगी गरोदर स्त्रीला एपिड्युरल द्यावे, असे म्हटले आहे. याखेरीज नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांचा वायू आहे. तो बाई स्वतःच्या हाताने श्वासातून घेते आणि त्याला नळी किंवा सुई लागत नाही.

ज्या बाईला औषध नको, तिचाही निर्णय तितकाच मानाचा आहे. हिंडणे, उकिडवे बसणे, कंबर चोळून घेणे, गरम पाण्याचा शेक आणि जवळ आपले माणूस असणे यानेही कळा सुसह्य होतात. पण तिलाही बळजबरीने उताणे निजवले, एकटे ठेवले आणि दमात घेतले, तर त्याला नैसर्गिक बाळंतपण कसे म्हणायचे? सक्तीने सोसलेल्या वेदनेला निवड म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे. दुसऱ्या टोकाला खाजगी दवाखाने आहेत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील खाजगी दवाखान्यांत 47.4 टक्के बाळंतपणे सिझरने झाली, सरकारीत 14.3 टक्के. कळांची भीती दाखवून पोट कापणे हा काही वेदनेवरचा उपाय नव्हे.

1928 साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी स्त्री कामगारांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, ही त्यांची भूमिका होती. 1929 साली तो कायदा झाला. बाळंतपण ही बाईची खाजगी भानगड नसून तो हक्काचा विषय आहे, हे बाबासाहेबांनी तेव्हाच दाखवून दिले. त्याच हक्काची पुढची पायरी आज मागायला हवी.

काय मागायचे? जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत बाळंतपणासाठी भूलतज्ज्ञ असावा आणि भूलतज्ज्ञ नसेल तिथे निदान वायूची सोय असावी. सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीतच आशाताईने किंवा सिस्टरने सगळे पर्याय फायद्या-तोट्यांसह मराठीत समजावून सांगावेत, कारण ऐन कळांमध्ये सही घेणे ही संमती नव्हे. जवळचे एक माणूस सोबत ठेवण्याची मुभा केंद्र सरकारने 2016 मध्येच दिली आहे, ती प्रत्यक्षात मिळावी. आणि चापट मारणाऱ्यावर कारवाई व्हावी. एकेका खाटेवर दोघी असताना राबणाऱ्या सिस्टरचे हाल मलाही दिसतात. पण तिच्या कामाचा भार कमी करणे हे सरकारचे काम आहे, तो भार बाळंतिणीच्या मांडीवर उतरवता येणार नाही.

बँकेतल्या मुलीला मी म्हटले, "पोरी, डॉक्टरांना सगळं विचार, मग तुझं तू ठरव. सोसलंस तरी तू आई, नाही सोसलंस तरी आईच." धुणीभांडी करणाऱ्या मुलीला काय सांगावे, हे मात्र मला सुचले नाही. तिलाही हेच वाक्य सांगता यावे, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.