गाडीचीही पत पाहावी

पहिली वेचणी आटोपून कापूस बाजारात येऊ लागला की यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा, दिग्रस येथील पेठांत पैसा फिरू लागतो. दसरा-दिवाळीच्या त्याच दिवसांत मोटारींच्या शोरूमवर झेंडूची तोरणे चढतात आणि व्यापारी कुटुंबांत वर्षभर लांबणीवर पडलेला विषय पुन्हा निघतो. दुकानाच्या कामाला मालवाहू गाडी असते, मुलांकडे दुचाकी असतात. पण आजीला नागपूरच्या डॉक्टरांकडे न्यायचे, शिरपूर किंवा भद्रावतीचे दर्शन घडवायचे, लग्नसराईत चार गावे करायची, तर घरची एक लहान मोटार हवी. हवी, यावर एकमत लवकर होते. कोणती, यावर होत नाही. वडीलधाऱ्यांना पंधरा वर्षे कुरकुर न करणारी गाडी हवी असते; तरुणांना छतातून आकाश दिसणारी आणि पुढे मोठा पडदा असलेली. घरातील स्त्रियांना बहुधा सर्वांत शेवटी विचारले जाते, आणि त्यांचाच प्रश्न सर्वांत नेमका असतो : मागच्या आसनावर सासूबाईंना गुडघे न दुखता चढता-उतरता येईल का?

भरवसा आणि आवड यांची ही ओढाताण एके काळी संभवतच नव्हती, कारण निवडच नव्हती. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे निघालेली फियाट, म्हणजेच सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ हे नाव धारण केलेली गाडी, ही महाराष्ट्रातील मध्यमवर्गाची आणि व्यापाऱ्यांची मोटार झाली. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहायची, मिळेल तो रंग घ्यायचा, असा तो काळ. गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबाला जोडलेला. वातानुकूलन वगैरेची अपेक्षाच नाही. ती बिघडत नसे असे मुळीच नाही. पण बिघडली की तालुक्याच्या गावी तिचे बॉनेट उघडणारा फिटर सापडत असे आणि सुटा भाग दुसऱ्या दिवशीच्या एसटीने येत असे. पद्मिनीचे उत्पादन थांबल्यावरही मुंबईत तिच्या टॅक्सी वीसेक वर्षे धावत होत्या. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

भरवसा या शब्दाचा व्यवहारातील अर्थ यातून ध्यानात येतो. न बिघडणे हा त्याचा निम्माच भाग. बिघडल्यानंतर ती किती लवकर, किती जवळ आणि किती खर्चात पुन्हा चालू होते, हा दुसरा भाग. आणि जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्यांसाठी तोच मोठा. व्यापाऱ्याला हे निराळे सांगावे लागू नये. उधारी देताना तो समोरच्याची आजची श्रीमंती पाहत नाही, अडचणीच्या वेळी तो कसा वागतो ते पाहतो. त्यालाच पत म्हणतात.

१४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली आणि चित्र पालटले. ७९६ सीसीचे लहानसे जपानी घडणीचे इंजिन, हलकी बांधणी, सकाळी पहिल्या प्रयत्नात सुरू होणारी गाडी. तिच्याविषयीचे आकर्षण होते ते याच गुणाचे. भरवसा हीच तेव्हा चैन होती. पुढे जानेवारी २०१४ पर्यंत ती बनत राहिली.

खरी कसोटी लागली १९९८ साली. अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने तीन नव्या लहान मोटारी बाजारात आल्या : ह्युंदाईची सँट्रो, देवूची मॅटिझ आणि टाटांची इंडिका. तिघींमध्ये देखणी होती मॅटिझ. इटलीचे विख्यात रचनाकार ज्युजारो यांच्या संस्थेची ती रेखाटणी. गोल दिवे, लोभस आकार, तीन सिलिंडरचे चुणचुणीत इंजिन. सँट्रोच्या उंच, पेटीसारख्या आकाराला लोक हसले. तिला शाहरुख खानच्या जाहिरातींचा आधार घ्यावा लागला. इंडिका ऐसपैस होती, भारतीय अभियंत्यांनी घडवली होती, तिची अपेक्षाही मोठी होती; पण सुरुवातीच्या गाड्यांत तक्रारी निघाल्या.

पाच वर्षांनी काय दिसले? हसे झालेली सँट्रो घरोघरी पोहोचली होती. टाटांनी तक्रारी ऐकून दोष काढले आणि २००१ साली ‘व्ही-टू’ ही सुधारित इंडिका आणली. ती पुढे टॅक्सीवाल्यांची लाडकी झाली. आणि मॅटिझ? गाडीत मोठा दोष नव्हता. दोष ताळेबंदात होता. कोरियातील देवू मोटर नोव्हेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत निघाली. पुढे जनरल मोटर्सने तिचा मोठा भाग विकत घेतला, पण उत्तर प्रदेशातील सुरजपूरचा भारतीय कारखाना घेतला नाही. तो बंद पडला, विक्रेत्यांनी फलक उतरवले, आणि चांगल्या चालणाऱ्या मॅटिझच्या मालकांवर काचेसाठी, दिव्यासाठी, क्लचच्या एखाद्या भागासाठी शहरे धुंडाळण्याची पाळी आली. जुन्या बाजारातील भाव तर त्याआधीच कोसळला होता.

या गोष्टीला एक उत्तरार्धही आहे. मॅटिझचीच पुढची पिढी २००७ साली ‘शेव्हरोले स्पार्क’ नावाने भारतात परतली. तिच्या मागोमाग आपल्या तळेगावच्या कारखान्यात बनलेली ‘बीट’ आली. तीही दिसायला नीटस. मे २०१७ मध्ये जनरल मोटर्सने भारतातील विक्री थांबवण्याचे जाहीर केले. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डनेही येथील उत्पादन आवरते घेत असल्याचे सांगितले. फिगोसारखी दणकट आणि चालवायला आनंददायी गाडी त्यात गेली. दोन्ही कंपन्यांनी सेवा व सुटे भाग पुरवत राहण्याचे आश्वासन दिले. परंतु आश्वासन मुंबई-पुण्यात पाळणे निराळे आणि उमरखेड-घाटंजीत पाळणे निराळे.

म्हणून यवतमाळ जिल्ह्यात गाडी पाहताना पहिला प्रश्न अंतराचा असावा. कंपनीचे अधिकृत सेवाकेंद्र यवतमाळात आहे, की त्यासाठी दीडशे किलोमीटरवरचे नागपूर गाठायचे? उमरखेडकराचा तर यवतमाळला जाऊन येण्यातच दिवस मोडतो, आणि दुकान बंद ठेवल्याचा खर्च कोणत्याही बिलात दिसत नाही. शोरूममधील विक्रेत्याला विचारण्याऐवजी गावातील दोन गॅरेजवाल्यांना विचारावे : कोणत्या गाड्या कामाला जास्त येतात, कोणत्या गाडीचा भाग अडून बसतो? त्यांचे उत्तर फुकट मिळते आणि बहुधा खरे असते. आणखी एक साधा ठोकताळा आहे. एमएच-२९ क्रमांकाच्या, सात-आठ वर्षे जुन्या, अद्याप रोज धावणाऱ्या गाड्यांत तिचे किंवा तिच्या आधीच्या आवृत्तीचे प्रमाण किती, हे आठवडाभर बाजारात उभे राहून डोळ्यांनीच मोजता येते.

रस्त्यांचेही तसेच. नागपूर-तुळजापूर महामार्गावर कोणतीही गाडी सुखाने चालते. परीक्षा होते ती वणीकडच्या कोळशाच्या ट्रकांनी खचलेल्या रस्त्यांवर आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात. जमिनीला पोट घासणारी गाडी कितीही सुंदर असो, ती येथे नको. मे महिन्यातील ऊन पाहता, दुपारी दोन वाजता चार माणसे बसवून वातानुकूलन चालू करून पाहिल्याशिवाय चाचणी-फेरी पूर्ण झाली असे समजू नये. विक्रेते ती सकाळी घडवतात.

एवढे सांगितल्यावर आकर्षणाला अगदीच तुच्छ लेखण्याचा मोह होतो. तो टाळावा. नॅनोचे उदाहरण समोर आहे. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात रतन टाटांनी ती सादर केली, तेव्हा जगभरची वृत्तपत्रे तिच्यावर लिहित होती. कारखाना सिंगूरहून साणंदला हलवावा लागला, काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या, हे खरे. पण तिला सर्वांत जड गेला तो ‘सर्वांत स्वस्त गाडी’ हा शिक्का, हे स्वतः रतन टाटांनीही नंतर मान्य केले. आयुष्यातली पहिली मोटार दारात आणणाऱ्या कुटुंबाला शेजाऱ्यांसमोर स्वस्तपणा मिरवायचा नव्हता. २०१८ साली तिचे उत्पादन थांबले. गाडी आवडली पाहिजे, मुलांना तिच्यात बसावेसे वाटले पाहिजे, ही अपेक्षा रास्तच आहे. प्रश्न इतकाच की त्या आवडीची किंमत किती, आणि ती कुठून द्यायची.

किंमत मांडून पाहावी. एकाच गाडीच्या मधल्या आणि वरच्या आवृत्तीत दीड लाखाचे अंतर आहे असे धरू. ही रक्कम कर्जात मिळवली आणि नऊ टक्के दराने सात वर्षांत फेडली, तर महिन्याला सुमारे २,४१३ रुपये, म्हणजे एकूण दोन लाखांहून थोडे अधिक पडतात. छताच्या काचेची हौस पहिल्या पावसाळ्यापर्यंत टिकते. हप्ता चौऱ्यांशी महिने. सहा लाखांच्या कर्जाचेही तसेच : पाच वर्षांसाठी हप्ता १२,४५५ रुपये आणि व्याज सुमारे १ लाख ४७ हजार, सात वर्षांसाठी हप्ता ९,६५३ वर येतो, पण व्याज २ लाख ११ हजारांच्या घरात जाते. लांब मुदतीचा हप्ता लहान दिसतो म्हणून वरची आवृत्ती परवडल्याचा भास होतो. बहुतेक चुकीच्या निवडी शोरूममधल्या त्या एका कागदावर होतात.

काटकसर करायचीच तर ती सुरक्षेत मात्र करू नये. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातील पाच लोकप्रिय लहान गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्या आदळून पाहिल्या. मोठ्यांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यांत विश्वासू म्हणून नावाजलेल्या गाड्या होत्या. सकाळी हमखास सुरू होणे आणि अपघातात माणूस वाचवणे हे दोन वेगळे गुण आहेत, हे त्या दिवशी स्पष्ट झाले. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही स्वदेशी चाचणी सुरू झाली आहे. पाहत असलेल्या नेमक्या मॉडेलचा निकाल मागून घ्यावा, कंपनीच्या नावावर विसंबू नये. जुनी गाडी घेणाऱ्यांनी हेही पाहावे की चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या खालच्या आवृत्त्यांत ती नसण्याचा संभव आहे.

करांबाबत दोन शब्द, कारण पेठेत गैरसमज फार. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला. पूर्वी तो २८ टक्के आणि वर उपकर असा होता. मात्र गाडी पेढीच्या नावावर घेतली म्हणून हा कर परत मिळत नाही. प्रवासी मोटारीवर इनपुट क्रेडिट कायद्याच्या कलम १७(५) ने सामान्य व्यापाऱ्याला नाकारले आहे. आयकरात १५ टक्के घसारा मिळतो, वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर त्याच्या निम्मा, आणि घरगुती वापराचा वाटा वजा करूनच. तेवढ्यासाठी पाडव्याऐवजी घाईने सप्टेंबरात गाडी घेण्यात काही अर्थ आहे का, ते आपल्या सीएला विचारावे.

आणि ताबा घेताना गाडी कोणत्या महिन्यात बनली ते पाहावे. डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत नवी म्हणून मिळते, पण विकायच्या दिवशी ती एक वर्षाने जुनी मोजली जाते.