पाण्यात पडले की पोहता येते?

‘पाण्यात पडलं की पोहता येतंच’ हे वाक्य आपण नव्या सुनेपासून नव्या मंत्र्यापर्यंत कुणालाही ऐकवतो. पाण्याच्या बाबतीत मात्र ते साफ खोटे आहे. पोहता न येणारा माणूस पाण्यात पडला की बुडतो. माझ्या सासूबाईंना हे वयाच्या चौदाव्या वर्षीच कळले.

सासूबाई सांगलीच्या. त्यांचा धाकटा भाऊ कृष्णेवर गेला तो परत आला नाही. त्याला पोहता येत होते. त्यामुळे ‘पोहणाराच बुडतो’ ही त्यांच्या घरातली म्हण नव्हती, आठवण होती. पुढच्या पिढीला एकच धडा मिळाला : पाण्याजवळ जायचे नाही. माझे पती चाळिशीला आले, तरी गुडघाभर पाण्यापलीकडे गेलेले नाहीत. भीतीसुद्धा दागिन्यांसारखी वारसाहक्काने उतरते. माझ्या मुलीला मी तलावावर नेऊ लागले, तेव्हा ती परत येईपर्यंत आजी दारातच बसून असायची. एके दिवशी नातीने विचारले, ‘‘आजी, तू का नाही येत?’’ आणि बासष्टाव्या वर्षी सासूबाई पाण्याच्या काठावर आल्या.

मी कोकणातली. वडिलांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून मला विहिरीत सोडले होते. तीच रीत मी वापरली. साडेतीन फूट पाण्यात त्यांना धरले, ‘‘आई, हात सोडत नाही हं’’ म्हणाले आणि सोडला. नाकातोंडात पाणी गेले, त्या धडपडत उभ्या राहिल्या आणि एवढेच म्हणाल्या, ‘‘सोडणार नाही म्हणाली होतीस.’’ पुढे पंधरा दिवस तलावाचा विषय निघाला नाही.

चूक माझी होती. लहान मूल विसरते, मोठे माणूस विसरत नाही. त्याला आधी पाणी नव्हे, शिकवणाऱ्याचा शब्द तपासायचा असतो. पुन्हा सुरुवात केली ती एका करारावर : त्या ‘सोड’ म्हणेपर्यंत हात सुटणार नाही. पहिले काही दिवस नुसते पायरीवर बसून पाण्यात तोंड घालायचे आणि बुडबुडे सोडायचे. घाबरलेला माणूस श्वास कोंडून धरतो. तो पाण्यात सोडता आला की निम्मी भीती जाते. मग तरंगणे. छातीत हवा भरली की शरीर पाण्याहून किंचित हलके होते. पण भीतीने डोके वर काढले की पाय खाली जातात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तरंगताना गुडघे पोटाशी घेऊन पुन्हा उभे राहणे. ते जमत नसेल तर कमरेएवढे पाणीही जीव घेऊ शकते.

हे घरगुती कौतुक म्हणून सांगत नाही. सरकारी नोंदींप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात ३८ हजारांहून अधिक माणसे बुडून मेली. २०२१ साली संयुक्त राष्ट्रसंघाने २५ जुलै हा बुडण्याचे मृत्यू रोखण्यासाठीचा दिवस ठरवला. आपल्याकडे मात्र उन्हाळी सुटीत मुलांचे वर्ग भरले की कर्तव्य संपते. धुणे धुणारी, गणपती विसर्जनाला जाणारी, काठावर मुलांना सांभाळणारी बाई कुणाच्या हिशेबातच नसते. गावोगावच्या तलावांवर प्रौढ स्त्रियांसाठी वेगळी वेळ, उथळ पाणी आणि न ओरडणारी शिक्षिका, एवढे मागणे जास्त नाही.

‘पोहणाराच बुडतो’ हेही अर्धे खरे आहे. अर्धवट पोहणारा धाडस करतो. बुडणाऱ्याला वाचवायला उडी घेतो आणि दोघेही जातात. म्हणून हातपाय मारण्याइतकेच, काठावरून दोरी, काठी, निदान साडी फेकायची हेही शिकवायला हवे. पाण्याचा धाक असावा, दहशत नसावी.

दीड महिन्याने एका सकाळी सासूबाई पाठीवर तरंगत होत्या. माझा हात त्यांच्या मानेखाली होता. डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, ‘‘सोड आता.’’ मी सोडला. दहा आकडे मोजेपर्यंत त्या तरंगल्या, मग गुडघे पोटाशी घेऊन आपल्या आपण उभ्या राहिल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

नात तलावावर निघाली की आजी अजूनही दारापर्यंत येते. पण ‘जाऊ नकोस’ म्हणत नाही. ‘‘एकटी उतरू नकोस,’’ एवढेच सांगते.