बार्शी लाईट गेली, पाण्याची गाडी आली



मिरज-लातूर छोटी गाडी इतिहासजमा झाली. जुनी माणसं तिला 'बार्शी लाईट' म्हणतात आणि तिच्या चालीवर हसतात. आमच्या मते हे हसणं अर्धवट माहितीचं आहे.

मोठी रेल्वे बार्शीला बाजूला टाकून कुर्डुवाडीवरून गेली. बार्शी पेठेतला माल बैलगाड्यांनी स्टेशनावर न्यावा लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ साली अडीच फुटी रूळ बार्शीला पोचवला. रूळ हलका, पण इंजिन असो वा डबा, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, ही त्याची युक्ती. भार आसांवर सारखा वाटला की गाडी चालते, हे उसाची गाडी भरणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पुढे १९११ साली लातूर, १९२७ साली मिरज. सगळा मिळून सव्वातीनशे किलोमीटर रस्ता! पंढरीच्या यात्रेत तर गाडीत पाय ठेवायला जागा नसे. १९५४ साली सरकारने कंपनी विकत घेतली.

तरीपण ती गाडी गेली याचं आम्हाला दुःख नाही. कुर्डुवाडीला माल छोट्या डब्यातून मोठ्या डब्यात भरायचा, म्हणजे हमाली वाढली, वेळ गेला आणि नासधूस झाली ती वेगळीच. २००८ पर्यंत कुर्डुवाडी-लातूर रुंद झाला, मागोमाग पंढरपूर-मिरजही.

त्याच रुंद रुळावरून एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पिण्याचं पाणी गेलं. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. पुढे एका खेपेला पन्नास टाक्या. ज्या वाटेनं वारकरी पंढरीला गेले, त्याच वाटेनं कृष्णेचं पाणी मराठवाड्यात न्यावं लागलं. आणि त्या मराठवाड्यातही ऊस उभा होताच, बहुतेक पाटपाण्यावर.

कुणी म्हणेल, रेल्वेच्या गोष्टीत पाट कशाला काढता? तर उद्या टाकीसमोर घागर घेऊन आपल्याच घरची माणसं उभी राहतील, म्हणून. उसाला ठिबक सक्तीचं करण्याचा निर्णय सरकारने २०१७ सालीच घेतला. पण कागदावरच्या सक्तीनं नळ्या अंथरल्या जात नाहीत, त्याला आधी पैसा लागतो. लहान सभासदाला ठिबकाचा संच उधारीवर द्यावा आणि रक्कम दोन-तीन हंगामांच्या ऊसबिलातून हप्त्यानं कापावी, असा ठराव येत्या वार्षिक सभेत यावा, अशी आमची संचालक मंडळाला विनंती आहे.