क्लब मालकाचा की गावाचा?

केदारखेड्याच्या विद्यार्थ्याने पुण्यातील फुटबॉल क्लबविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. भोकरदन तालुक्यातील आमच्या गावाकडे खेळ म्हणजे कबड्डी, कुस्ती आणि क्रिकेट. परंतु नव्या संस्थेने आपल्या पहिल्या दिवसांत काय करावे, हा प्रश्न एकट्या फुटबॉलचा नाही. तो समजून घेण्यास पुणे फुटबॉल क्लबचे उदाहरण फार उपयोगी आहे.

अशोक पिरामल उद्योगसमूहाने २००७ साली हा व्यावसायिक क्लब स्थापन केला. सुरुवात शिस्तशीर होती. क्लब आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीतून खेळत वर चढला आणि वरच्या श्रेणीतील पहिल्याच हंगामात, २००९-१० मध्ये, तिसरा आला. गोव्याचे डेरिक परेरा तेव्हा प्रशिक्षक होते. पुढे क्लबने मुलांसाठी अकादमी काढली. नंतर भारताकडून खेळलेला केरळचा आशिक कुरुनियन याच अकादमीत शिकला. २०१२-१३ मध्ये क्लबने उपविजेतेपद मिळविले. खेळाचा पाया रचण्यात कसूर झाली, असे कोणी म्हणू शकणार नाही.

तरीही २०१५ मध्ये क्लब बंद झाला. आदल्याच वर्षी इंडियन सुपर लीग सुरू झाली होती. जाहिराती आणि दूरचित्रवाणी तिकडे वळली, आय-लीगचा भाव उतरला. पण एवढेच कारण पुरेसे आहे काय? नव्या लीगसाठी २०१४ मध्ये निघालेला एफसी पुणे सिटी हा क्लबही २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. मुंबईचा महिंद्र युनायटेड तर १९६२ पासूनचा. २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता. तोही २०१० मध्ये मालक कंपनीने बंद केला. म्हणजे जुनेपणाने किंवा विजयानेही क्लब वाचत नाही.

आता कोल्हापूर पाहा. तेथील पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की पेठाच्या पेठा मैदानावर लोटतात. हे क्लब कोणा कंपनीचे नाहीत. तालीम पेठेची, म्हणून संघही पेठेचा. खेड्यातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडचा हरिनाम सप्ताह वर्गणीवर चालतो. एखाद्या वर्षी मोठ्या देणगीदाराने हात आखडता घेतला, तर पंगत साधी होते. पण सप्ताह चुकत नाही.

यावर कोणी म्हणेल, वर्गणीतून व्यावसायिक खेळाडूंचे पगार कसे भागणार? आक्षेप रास्त आहे. प्रवास, प्रशिक्षक, मैदान या साऱ्याला भांडवल लागते आणि ते उद्योगपतीच आणू शकतो. पण भांडवल त्याचे म्हणून सगळे निर्णयही एकट्या त्याचेच असावेत, हे ओघाने येत नाही. जर्मनीत काही अपवाद सोडले तर व्यावसायिक क्लबमधील निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या हाती राहतील, असा नियमच आहे. तेथेही बड्या कंपन्या पैसा घालतात. मात्र क्लब कुलूप लावून निघून जाणे त्यांना सोपे नसते.

म्हणून महाराष्ट्रात उद्या नवा क्लब निघाला, तर पहिल्याच वर्षी तीन गोष्टी व्हाव्यात. विद्यार्थ्यालाही परवडेल असे सभासदत्व असावे. सभासदांचे प्रतिनिधी कार्यकारिणीत असावेत. अकादमी वेगळ्या विश्वस्त निधीवर चालावी, म्हणजे मालकाने अंग काढून घेतले तरी शिकणारी मुले उघड्यावर पडणार नाहीत. घर सोडून आलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचे अख्खे भवितव्य तेथे पणाला लागलेले असते. कंपनीच्या हिशेबवहीत ती एक खर्चाची बाब असेल. त्या मुलापुढे मात्र दुसरी वाट नसते.

नव्या क्लबच्या उद्घाटनाला पाहुणे कोण आले, याची चर्चा आपण फार करतो. सभासद किती झाले, हे विचारायला आपण शिकले पाहिजे.

(तृतीय वर्ष, कला)